चेंडूचं खातं

कॉमर्सला जाणाऱ्या मुलाकडून समाजाची एकच किमान अपेक्षा असते. त्याने बसावं. सायन्सवाला प्रयोगशाळेत उभा असतो, आर्ट्सवाला कट्ट्यापाशी उभा असतो, कॉमर्सवाला मात्र बसतो. बसून बेरजा करतो, बसून टॅली जुळवतो, आणि पुढे त्याला नोकरी लागते तीही बसूनच करायची असते. मी बँकेत गेली वीसेक वर्षं बसलेलो आहे. मध्यंतरी आमचं 'क्लार्क' हे नाव जाऊन 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं भारदस्त नाव आलं. खुर्ची तीच आहे.

त्यामुळे १९९७ साली पुण्यातल्या एका कॉलेजात (नाव कशाला घ्या, ते अजून चालू आहे) एफ.वाय.बी.कॉम.ला प्रवेश घेतला तेव्हा आपल्याला पळायला लागेल अशी पुसटशीही शंका मला नव्हती. पण पहिल्याच आठवड्यात बोर्डावर नोटीस लागली. शारीरिक शिक्षण अनिवार्य, वेळ सकाळी साडेसहा, हजेरी न भरल्यास टर्म ग्रँट होणार नाही. मी ती वडिलांना दाखवली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "फी घेतलीय ना त्यांनी या तासाची?" मी म्हटलं, "घेतलीय." "मग जा," ते म्हणाले. आमच्या घरात पैसे भरलेली गोष्ट वाया घालवत नाहीत, मग ते शिळं श्रीखंड असो वा शारीरिक शिक्षण.

जिमखान्यात नाव नोंदवायला गेलो तेव्हा क्रिकेटची यादी भरून गेली होती. कबड्डीत जागा होती, पण त्या यादीतली मुलं बाहेरच उभी होती आणि त्यांच्या मांड्या पाहून मी पुढे सरकलो. उरली एकच यादी : 'बास्केटबॉल व व्हॉलीबॉल (प्राथमिक)'. 'प्राथमिक' या शब्दाने मला फार धीर आला. आपल्यासारख्यांचा विचार करणारं कुणीतरी या संस्थेत आहे असं वाटलं. पहिल्या टर्मला बास्केटबॉल, दिवाळीनंतर व्हॉलीबॉल.

साडेसहाला ग्राउंडवर जी चाळीस मुलं जमली त्यांत जिमखान्याने चाळणी मारल्यावर वर राहिलेला सगळा माल होता. एक दमेकरी होता. एक तबलजी होता. त्याच्या गुरुजींनी "बोटं सांभाळ" असं बजावल्यामुळे तो क्रिकेट सोडून इकडे आला होता. व्हॉलीबॉल बोटांचं काय करतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोघे नुसते झोपाळू होते. सांगोल्याकडून आलेला एक काळासावळा, अबोल मुलगा होता, जो वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. मी होतो : उंची पाच फूट चार इंच, चष्मा धरून वजन पंचेचाळीस किलो. आणि या सगळ्यांत चार लंबू होते. त्यांना बास्केटबॉल शाळेपासून येत होता, भारीपैकी बूट होते, आणि ते 'प्राथमिक'मध्ये का आले होते हे मला आजतागायत कळलेलं नाही. पोहता येणारी माणसं उथळ पाण्यात येऊन सूर मारतात, तशातला प्रकार असावा.

आमचे सर कमी बोलत आणि शिट्टी जास्त वाजवत. एक छोटी शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे पळा, आणि एक लांबलचक शिट्टी म्हणजे "गाढवांनो". वर्षअखेरीला आम्ही ती भाषा चांगली बोलू लागलो होतो.

बास्केटबॉलविषयी पुढे मी थोडंफार वाचलं, तेव्हा समजलं की हा खेळच मुळी पी.टी.च्या नकोशा तासातून जन्माला आलेला आहे. अमेरिकेत स्प्रिंगफिल्ड इथल्या वाय.एम.सी.ए.च्या शाळेत १८ जणांचा एक वर्ग थंडीत घरातल्या घरात कवायत करून विटला होता आणि मास्तरांना जुमानत नव्हता. जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तरांना दोन आठवड्यांची मुदत मिळाली, यांना आवडेल असं काहीतरी काढा. डिसेंबर १८९१ मध्ये त्यांनी १३ नियम लिहून काढले. शिपायाकडे दोन खोकी मागितली. त्याच्याकडे खोकी नव्हती, पीच नावाच्या फळाच्या टोपल्या होत्या. त्या टोपल्या व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून १० फुटांवर होता. म्हणून रिंग आजही १० फुटांवर आहे!

हे वाचून मला फार आपुलकी वाटली. आमच्या बँकेतही कित्येक गोष्टी अशाच आहेत. कुणा एका साहेबाने कधीकाळी हाताशी जो खिळा होता त्याला जे अडकवलं, ते अजून तिथेच अडकवावं लागतं. पण त्या शिपायाने जरा खालच्या खिडकीकडे बोट दाखवलं असतं तर माझं एफ.वाय. किती सुखाचं गेलं असतं! त्या पहिल्या सामन्यात नऊ-नऊ जण खेळले आणि स्कोअर झाला १-०. म्हणजे अठरा माणसांत सतरा जणांच्या हातून काही झालं नाही. ही परंपरा मी निष्ठेने पुढे चालवली.

पहिला धडा ड्रिबलचा. चेंडू एका हाताने जमिनीवर आपटत पुढे जायचं आणि चेंडूकडे बघायचं नाही. सर म्हणायचे, "बोटांनी दाब, तळव्याने थापट्या मारू नकोस. भाकरी करतोयस का?" चेंडूकडे न बघता तो सांभाळायचा ही कल्पनाच कॉमर्सच्या मूळ तत्त्वाविरुद्ध आहे. आम्ही बघितल्याशिवाय दहाची नोट घेत नाही. शिवाय चेंडू हातात धरून दोनपेक्षा जास्त पावलं टाकली की 'ट्रॅव्हलिंग', ड्रिबल थांबवून पुन्हा सुरू केलं की 'डबल ड्रिबल', आणि दोन्ही चुकवून तुम्ही स्वस्थ उभे राहिलात की लंबू येऊन चेंडू काढून नेणार. साधारण सहाशे ग्रॅम वजनाची एक वस्तू, पण ती आपल्याकडे ठेवण्याच्या अटी लॉकरपेक्षा कडक.

मग पास. छातीपासून दिलेला तो चेस्ट पास, जमिनीवर आपटून दिलेला तो बाउन्स पास. 'बाउन्स' या शब्दाशी पुढे माझा चेकमुळे रोजचा संबंध आला, पण पहिली भेट इथली. आणि मग ले-अप. उजवं पाऊल, डावं पाऊल, उडी, आणि चेंडू बोर्डवरच्या चौकोनाला हळूच टेकवायचा. तबलजीला हे सगळ्यांत लवकर आलं. तो "धा धिन् ना" म्हणत दोन पावलं टाकायचा आणि समेवर उडी मारायचा. चेंडू आत जायचा नाही, पण सम चुकायची नाही.

इथवर ठीक होतं. ओळीत उभं राहायचं, नंबर आला की चेंडू मिळायचा. पण महिन्याभराने सरांनी पाच-पाचचे संघ पाडून मॅच लावली. ती मॅच म्हणजे २८ मीटर लांबीच्या सिमेंटवर माझं जाणं-येणं, एवढंच. लंबू एकमेकांना पास देत. मी मोकळा उभा असे. माझ्याइतका मोकळा माणूस त्या कोर्टावर दुसरा नसे. हात वर करून "इकडे, इकडे" ओरडलो की लंबू माझ्याकडे पाही आणि चेंडू दुसऱ्या लंबूला देई. एका शनिवारी मी हिशेबच ठेवला. वीस मिनिटांत चेंडू माझ्याकडे तीनदा आला. त्यातला एक दुसऱ्याला द्यायचा होता, दुसरा पाठीला लागला, तिसरा कोर्टाबाहेर गेला होता तो आणून द्यायचा होता.

हे गाऱ्हाणं नव्हे. जिंकायचं असेल तर मीही माझ्याकडे पास दिला नसता. मुद्दा असा की बास्केटबॉलच्या नियमांत कुठेही असं लिहिलेलं नाही की चेंडू पाचांकडे गेला पाहिजे. अख्खी मॅच एखाद्याला न विचारता खेळता येते, आणि तो सगळा वेळ धावत असल्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला तो खेळतोय असंच वाटतं. नंतर ऑफिसांतून असे बरेच जण पाहिले. दुपारभर इकडून तिकडे धावतात, फाईल त्यांच्याकडे येतच नाही.

ऑगस्टमध्ये पाऊस लागला की तास रद्द होईल अशी आम्हाला आशा असे. सर छत्री घेऊन उभे राहत आणि आम्हाला पळवत. "ऑलिंपिकची फायनल पावसात झालीय," ते म्हणायचे. आम्हाला ती थाप वाटायची. पण ते खरं निघालं. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा आला आणि त्याची फायनल उघड्यावर, मातीच्या कोर्टावर, भर पावसात झाली. चिखलात चेंडू उसळेचना. अमेरिकेने कॅनडाला हरवलं ते १९-८ असं. हा स्कोअर वाचला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की त्या संघात मी खपून गेलो असतो.

दिवाळीनंतर आम्ही सिमेंटवरून मातीत आलो. व्हॉलीबॉलचं कोर्ट सायकल स्टँडच्या मागे होतं. रोज सकाळी दोघांनी पाणी मारायचं, दोघांनी फक्की टाकायची, दोघांनी नेट ताणायचं. नेटची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर, म्हणजे आठ फुटांना जरासंच कमी. माझे वर केलेले हात जिथे संपतात तिथून ते बरंच पुढे सुरू राहायचं.

तरी हा खेळ मला पहिल्या दिवसापासून आपला वाटला, आणि त्यामागे कारण होतं हे उशिरा कळलं. १८९५ साली होल्योक गावच्या वाय.एम.सी.ए.त विल्यम मॉर्गन नावाचे व्यायामशिक्षक होते. त्यांच्याकडे गावातले व्यापारी, धंदेवाले, पोट सुटू लागलेले गृहस्थ व्यायामाला येत. बास्केटबॉल त्यांना झेपेना, धडकाधडकी फार. तेव्हा मॉर्गनसाहेबांनी मध्ये नेट बांधून दोन्ही बाजूंना वेगवेगळं उभं केलं. म्हणजे व्हॉलीबॉल हा मुळात कॉमर्सच्या माणसांसाठी काढलेला खेळ आहे! त्याचं पहिलं नाव होतं 'मिंटोनेट'. ते वर्षभरात बदललं हे बरं झालं. 'मिंटोनेटला चाललोय' असं सांगितल्यावर आमच्या वडिलांनी नक्की गोळीचं दुकान समजून पैसे परत मागितले असते.

व्हॉलीबॉलचा चेंडू २६० ते २८० ग्रॅमचा, पाव किलोला थोडा जास्त. पण अंडरआर्म शिकताना तो मनगटाच्या वर जिथे बसतो तिथे किलोचा वाटतो. तिसऱ्या दिवशी माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक झाले. आईने पोळी वाढताना पाहिलं.

"कुणी मारलं रे?"

"कुणी नाही. खेळताना झालंय."

"खेळताना? तू?" आई म्हणाली आणि खोबरेल आणायला गेली. त्या 'तू?'मध्ये काळजी किती आणि आश्चर्य किती हे मला ठरवता आलं नाही, पण आश्चर्याची टक्केवारी अधिक होती.

सरांनी अंडरआर्म शिकवला तो असा : हात जोड, कोपरं सरळ, शिट्टी. एवढ्यावर चेंडू कुठेही जायचा. माझा एकदा सायकल स्टँडच्या पत्र्यावर गेला. तो काढायला सांगोल्याचा मुलगा वर चढला आणि उतरल्यावर सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"हात कशाला हलवतोस लेका? हात न्हाय हलवायचं. गुडघं वाकव. चेंडू हातानं मारायचा नसतोय, पायानं उचलायचा असतोय."

मी गुडघे वाकवले. चेंडू वर गेला आणि, काय आश्चर्य, सरळ खाली आला.

सांगोल्याच्या त्या मुलाला व्हॉलीबॉल येत होता हे म्हणणं म्हणजे मासळीला पोहता येत होतं असं म्हणणं. त्याच्या गावात देवळामागे नेट होतं आणि संध्याकाळी म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे त्यावर असत. तो उडी मारायचा तेव्हा वर जाऊन जरा विचार करायचा आणि मग स्मॅश मारायचा. सरांनी तो पहिला स्मॅश पाहिला आणि त्यांच्या तोंडातून शिट्टी पडली. १९८६ साली सेऊलच्या एशियन गेम्समध्ये आपल्या व्हॉलीबॉल संघाने ब्राँझ मिळवलं, त्यातला केरळचा जिमी जॉर्ज हे सरांचं दैवत. त्या दिवशी सर आपल्या दैवताची गोष्ट पाच मिनिटं, शिट्टीशिवाय, सांगत होते आणि सांगता सांगता सांगोल्याकडेच बघत होते.

आठ वाजता मात्र हाच मुलगा अकाउंट्सच्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन पुन्हा अदृश्य व्हायचा. प्राध्यापकांनी काही विचारलं की उभा राहून खाली बघायचा. सगळ्यांचा समज, याला काही येत नाही. आता त्याने मला गुडघे वाकवायला शिकवलं होतं, तेव्हा मी एक दिवस वही घेऊन त्याच्याबरोबर सायकल स्टँडच्या कट्ट्यावर बसलो आणि 'डेबिट व्हॉट कम्स इन, क्रेडिट व्हॉट गोज आउट' समजावायला लागलो. त्याने दोन मिनिटं ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजे नावे-जमा व्हय रं? आलं ते नावे, गेलं ते जमा. ह्ये तर बारावीला पुस्तपालनात झालंय की. ह्ये तेच हाय?"

ते तेच होतं! त्याला अकाउंट्स येत होतं, पहिल्यापासून येत होतं. फक्त बारावीचं 'नावे-जमा' आणि इथलं 'डेबिट-क्रेडिट' यांच्यामध्ये कुणीतरी २.४३ मीटरचं नेट बांधून ठेवलं होतं. वहीच्या मागच्या पानावर आम्ही चाळीसेक शब्दांची यादी केली. डेप्रिसिएशन म्हणजे घसारा, लेजर म्हणजे खातेवही, गुडविल म्हणजे ख्याती. 'ख्याती'ला तो हसला. "दुकानाची बी ख्याती असती आन् तिची किंमत लावत्यात? भारीच की!"

व्हॉलीबॉलमध्ये मला सगळ्यांत काय आवडलं सांगू? रोटेशन. चेंडू कुणाला धरूनच ठेवता येत नाही, लागोपाठ दोनदा शिवता येत नाही, तिसऱ्या टोल्याला पलीकडे द्यावाच लागतो. आणि सर्व्हिस आपल्याकडे परत आली की सहाच्या सहा जणांनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक घर सरकायचं. नेटवरचा लंबू मागे जातो, मागचा तबलजी नेटवर येतो (हात खिशात घालता आले असते तर त्याने घातले असते), आणि फिरत फिरत प्रत्येकजण सर्व्हिसच्या कोपऱ्यात येऊन उभा राहतो. तिथे चेंडू तुमच्या हातात देतात. मागावा लागत नाही. सगळे थांबतात, तुमच्याकडे बघतात, आणि तुम्ही काही केल्याशिवाय खेळ पुढे जात नाही. बँकेतही सीट बदलतात, पण तिथे वशिला लावून एकाच सीटवर वर्षानुवर्षं राहणारे असतात. व्हॉलीबॉलमध्ये तशी सोय नाही.

मार्चमध्ये शेवटची मॅच लागली. मार्क याच मॅचवर, असं सरांनी जाहीर केलं होतं. त्या वेळचा नियम आजच्या मुलांना सांगून पटत नाही : साध्या सेटमध्ये पॉइंट मिळायचा तो फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला. दुसऱ्यांनी रॅली जिंकली तर त्यांना पॉइंट नाही, नुसती सर्व्हिस मिळायची. आधी खातं उघडा, मग व्याज. त्यामुळे पंधरा पॉइंटांचा एक सेट पाऊण पाऊण तास चाले. सांगोला नेटवर होता तोवर आम्ही भराभर पुढे गेलो, तो मागे गेल्यावर त्यांनी गाठलं. १४-१३, आम्ही पुढे, सर्व्हिस आमच्याकडे परत आली, सगळे एक घर सरकलो, आणि कोपऱ्यात मी.

आमच्या बाजूच्या लंबूने वर हात केला. "सर, याच्याऐवजी मी करतो ना सर्व्हिस."

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. "रोटेशन म्हणजे काय रे?"

"सर, पण चौदा..."

"रोटेशन म्हणजे काय?"

"फिरणं, सर."

"मग फीर."

मी डाव्या हातावर चेंडू ठेवला, गुडघे वाकवले आणि उजव्या मुठीने खालून मारला. चेंडू चांगला उंच गेला, नेटच्या वरच्या पट्टीला लागला, पट्टीवर जरा बसल्यासारखा झाला (बहुधा कॉमर्सचा असावा) आणि पलीकडे, नेटच्या अगदी पायाशी पडला. पलीकडच्या सहांपैकी एकही जण जागचा हलला नव्हता. क्षणभर कुणालाच काही सुचेना. मग शिट्टी झाली. सर्व्हिसचा चेंडू नेटला लागला की तेव्हा फाऊल धरत. सर्व्हिस त्यांची.

लंबूने कपाळावर हात मारला. सांगोला माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाला, "काय बी गेलं न्हाय. पॉइंट आपलं तेवढंच हायत. निस्ती सर्व्हिस गेलीया, ती येतीया परत. गुडघं वाकवून हुबा ऱ्हा."

मी वाकवून उभा राहिलो. पलीकडच्याने चेंडू उचलला आणि कॉलेजची घंटा झाली. आठला अकाउंट्सचं लेक्चर. सरांनी लांब शिट्टी दिली, नेट उतरवायला सांगितलं, आणि सगळ्यांच्या नावापुढे 'समाधानकारक' लिहून टाकलं. सांगोल्यापुढे त्यांनी काहीतरी बरंच लांब लिहिलं. ते त्यांनी आम्हाला वाचू दिलं नाही, पण पुढची दोन वर्षं तो कॉलेजच्या संघात होता. अकाउंट्समध्ये तो पास झाला. फार मार्कांनी नव्हे, पण पहिल्या झटक्यात.

पुढल्या दोन-तीन वर्षांतच व्हॉलीबॉलचे नियम पार बदलले. आता सर्व्हिस कुणाचीही असो, प्रत्येक रॅलीला पॉइंट आहे आणि सेट २५चा असतो. वेगळ्या रंगाचा शर्ट घातलेला 'लिबेरो' नावाचा एक खेळाडू मागेच राहतो आणि रोटेशनमधून सूट घेतो, हे मला मनापासून पटलेलं नाही. पण एक सुधारणा फार रास्त झाली. सर्व्हिसचा चेंडू नेटला लागून पलीकडे गेला तर तो आता चालतो. म्हणजे नव्या नियमाने ती मॅच आम्ही माझ्या सर्व्हिसवर १५-१३ अशी जिंकलेली आहे. बँकेत मागल्या तारखेपासून व्याज देता येतं, फक्त तसं परिपत्रक यावं लागतं.

सांगोल्याचा अधूनमधून फोन येतो. तो आता डाळिंबाची बाग बघतो, गावच्या पतसंस्थेचे हिशेब बघतो आणि देवळामागच्या नेटवर पोरांना शिकवतो. मागच्या महिन्यात पीककर्जाच्या एका फॉर्मबद्दल विचारायला त्याने फोन केला होता. फॉर्मचं झाल्यावर मी त्याला नियमाचं हे प्रकरण नीट समजावून सांगितलं. तो खेळातला माणूस, त्याला ते माझ्याआधी माहीत होतं. पण त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तसं नसतंय," तो म्हणाला. "ज्या दिवशीचा खेळ त्या दिवशीचा नियम. चौदा-तेराच हाय अजून."

"मग?"

"मग काय? गुडघं वाकव. सर्व्हिस त्यांची हाय."